हार्त्स पर्वत: जायच्या आधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी ब्राउनश्वाइगला राहतो. इथून हार्त्स तासाभरावर. त्यामुळे पुण्या-नाशिकहून येणारे नातेवाईक, फ्रँकफुर्टकडचे मित्र, क्लाउस्टालला शिकायला आलेली आपली मुलं, सगळ्यांचे त्याच त्याच धाटणीचे फोन येतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं.

हार्त्स नेमका आहे तरी कुठे?

उत्तर आणि मध्य जर्मनीच्या सीमेवर, हॅनोवर आणि लाइपझिग यांच्या साधारण मधोमध. लांबी सुमारे ११० किलोमीटर, रुंदी ३० ते ४०. लोअर सॅक्सनी, सॅक्सनी-आन्हाल्ट आणि थुरिंगिया या तीन राज्यांत तो विभागलेला आहे. उत्तरेकडून येताना सपाट शेतं संपतात आणि समोर एकदम भिंत उभी राहते, कारण त्या बाजूला जमिनीचा तुकडा प्रस्तरभंगाच्या रेषेवर वर उचलला गेलाय. दक्षिणेकडे उतार बराच सौम्य आहे.

पावसाचं गणित सह्याद्रीवाल्यांना समजवावं लागत नाही. वारा पश्चिमेकडून येतो, पश्चिम हार्त्स आणि ब्रोकन या इथल्या सगळ्यात उंच शिखराचा माथा झोडपून काढतो आणि पूर्वेला क्वेडलिनबुर्गपर्यंत जाईतो रिकामा झालेला असतो. गोस्लारला छत्री उघडली असेल तर हवामानाच्या अॅपवर क्वेडलिनबुर्ग बघा. बरेचदा तिथे ऊन असतं.

ब्लॅक फॉरेस्ट सोडून हार्त्सला का जायचं?

सोडून जाच असं मी म्हणत नाही. ब्लॅक फॉरेस्ट जास्त नेटका आहे, तिथे सोयी जास्त आहेत, आणि कक्कू घड्याळासमोर फोटो हवा असेल तर तिथेच जावं लागेल. पण हार्त्समध्ये एकाच दिवसात हजार वर्षांची खाण, कोळशाच्या इंजिनाची आगगाडी आणि शीतयुद्धाची सीमा बघता येते, आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. फक्त 'निसर्गसौंदर्य' बघायला आलात तर निम्मा हार्त्स डोळ्यांसमोरून निघून जाईल. हा माणसाने शतकानुशतकं वापरलेला, पोखरलेला, तोडलेला आणि पुन्हा लावलेला डोंगर आहे.

फोटोंत गर्द हिरवं जंगल दिसतं. प्रत्यक्षात गेलेले लोक 'सगळी झाडं वाळलीत' म्हणतात. खरं काय?

दुसरं खरं. जुने फोटो बघून येऊ नका.

वरच्या हार्त्समध्ये शीर्के, ब्राउनलागे किंवा टॉर्फहाउसच्या आसपास डोंगरच्या डोंगर करडे पडलेले दिसतात. सालं गळून गेलेली, पांढुरकी, सरळसोट खोडं हजारोंच्या संख्येने उभी आहेत, काही कंबरेतून मोडून आडवी झालीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला इथे आग लागली होती असंच वाटतं. आगी लागल्याही, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ब्रोकनच्या खालच्या अंगाला मोठा वणवा पेटला होता. पण एवढी झाडं आगीने मारलेली नाहीत. ती एका किड्याने मारलीत.

सालकिडा म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सालीला भोक पाडून तो आत शिरतो आणि सालीखाली अंडी घालतो. अळ्या झाडाचा रस वाहून नेणारा थर खात पुढे सरकतात. धडधाकट झाड त्याला राळेत बुडवून मारतं. पण २०१८ च्या जानेवारीत वादळाने असंख्य झाडं पाडली आणि पाठोपाठ २०१८, २०१९, २०२० असे लागोपाठ कोरडे, तापलेले उन्हाळे आले. पाणी नाही म्हणून राळ नाही, आणि राळ नाही म्हणून प्रतिकार नाही. किड्याला एका उन्हाळ्यात एकामागून एक पिढ्या काढायला उबही मिळाली. रस्त्याकडेच्या पडलेल्या खोडाचं सुटं साल उचलून आतल्या बाजूने बघा. मधोमध एक उभी चर आणि तिच्यापासून दोन्हीकडे फुटलेल्या बारीक आडव्या चरा, टोकाकडे रुंद होत गेलेल्या. कुणी बसून कोरीव काम केल्यासारखं दिसतं.

मात्र सगळा दोष किड्यावर ढकलणं बरोबर नाही. इथे मुळात एवढे स्प्रूस नव्हतेच. अगदी वरचा थंड पट्टा सोडला तर हार्त्स हे मुख्यतः बीचसारख्या पानझडी झाडांचं जंगल होतं. ते खाणींनी खाल्लं. धातू वितळवायला लोणारी कोळसा लागायचा, खाणीत टेकू द्यायला लाकूड लागायचं, आणि सुरुंगाची दारू येण्याआधी खडक फोडण्यासाठी आतमध्ये लाकडांच्या होळ्या पेटवून तो तापवायचे. डोंगर उघडे पडल्यावर अठराव्या शतकापासून लागवड झाली ती लवकर आणि सरळ वाढणाऱ्या स्प्रूसची. एकच जात, एकाच वयाची, रांगेत लावलेली. ते लाकडाचं शेत होतं, आणि आता ते पीक गेलं.

म्हणजे जंगल संपलंच का?

नाही. माझ्या मते हार्त्स बघायची हीच खरी वेळ आहे.

इथलं राष्ट्रीय उद्यान जवळपास २४,७०० हेक्टरचं. पूर्वेचा भाग १९९० मध्ये राखला गेला, पश्चिमेचा १९९४ मध्ये, आणि २००६ मध्ये दोन राज्यांची दोन उद्यानं एक झाली. उद्यानाच्या बहुतांश भागात मेलेली झाडं मुद्दाम तशीच ठेवतात. त्यांच्या सावलीत आणि कुजणाऱ्या लाकडात बर्च, लाल फळांचा रोवन, बीच आणि नवे स्प्रूस आपोआप उगवताहेत. उन्हाळ्यात त्या करड्या खोडांमध्ये फायरवीडचे गुलाबी-जांभळे तुरे उसळतात. उद्यानाबाहेर, जिथे जंगल हा व्यवसाय आहे, तिथे मेलेली झाडं कापून नेतात आणि नवी मिश्र लागवड करतात. दोन्ही पद्धती एकमेकींना लागून दिसतात. कुठली बरोबर यावर इथल्या चहाच्या, म्हणजे बिअरच्या, टेबलावर अजून जोरदार भांडणं होतात. आग लागली की 'मेलेलं लाकूड उचललं असतं तर' हा वाद पुन्हा पेटतो.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट एवढीच की मेलेली झाडं न सांगता पडतात. वारा सुटला असेल तर त्यांच्याखाली डबा उघडून बसू नका, आणि वाट बंदची पाटी असेल तर ती खरंच बंद आहे.

एवढ्या खाणी कशाच्या?

चांदी, शिसं, तांबं, जस्त. गोस्लार गावाला खेटून असलेल्या रामेल्सबेर्गच्या खाणीत हजार वर्षांहून जास्त काळ काम चालू होतं. ती १९८८ मध्ये बंद झाली आणि १९९२ मध्ये गोस्लारच्या जुन्या गावासह जागतिक वारसा ठरली. गोस्लारमधला सम्राटाचा राजवाडा अकराव्या शतकातला. तिसऱ्या हेन्रीचं हृदय तिथल्याच छोट्या प्रार्थनाघरात पुरलेलं आहे, बाकीचा देह दूर ऱ्हाइनकाठी श्पायरला. सम्राट इथे येऊन राहायचे ते काही हवा खायला नव्हे. पायाखाली चांदी होती.

क्लाउस्टाल-त्सेलरफेल्डला तर खाणींमुळेच विद्यापीठ झालं. त्याची सुरुवात १७७५ ची. आज तिथे भारतीय विद्यार्थी भरपूर दिसतात, त्यात मराठीही ऐकू येतं. गावातलं सतराव्या शतकातलं भलंमोठं लाकडी चर्च चुकवू नका. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख याच गावात १८४३ मध्ये जन्मले, वडील खाणीतले अधिकारी. पुढे पटकीच्या जंतूवरचं काम त्यांनी कोलकात्यात येऊन पुरं केलं.

आणखी एक गोष्ट याच गावची. खाणीतून माल वर ओढायला जाड दोर आणि लोखंडी साखळ्या होत्या. दोर कुजायचे आणि साखळीची एक कडी तुटली की सगळं खाली. विल्हेल्म आल्बेर्ट नावाच्या खाण अधिकाऱ्याने १८३४ मध्ये लोखंडी तारा पिळून दोर केला. आज लिफ्ट, क्रेन, रोपवे ज्याच्यावर लटकतात त्या तारदोराची पहिली यशस्वी आवृत्ती ती.

खाण बघायचीच तर कुठली?

एकच बघायची असेल तर रामेल्सबेर्ग. जुन्या बोगद्यातून चालत जाता येतं, प्रचंड लाकडी पाणचक्क्या दिसतात, आणि भिंतींवर खनिजांचे निळे-हिरवे ओघळ साचलेले असतात. आत वर्षभर दहा-बारा अंशांच्या आसपास तापमान, म्हणून ऑगस्टमध्येही स्वेटर न्या. मार्गदर्शक बहुतेक जर्मनमध्ये बोलतात, इंग्रजी फेरीची चौकशी आधी करा.

यंत्रांची आवड असेल तर सांक्ट आंद्रेआसबेर्गची सामसन खाण. तिथली 'माणसं नेणारी' यंत्रणा अजून चालू स्थितीत आहे. दोन उभे दांडे, दोन्हींवर ठरावीक अंतरावर पायऱ्या. पाणचक्कीच्या जोरावर एक दांडा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. ते क्षणभर थांबले की कामगाराने या दांड्यावरून त्या दांड्यावर पाऊल टाकायचं. असं करत करत शेकडो मीटर खाली जायचं आणि पाळी संपल्यावर तसंच वर यायचं. याआधी हेच अंतर शिड्यांनी कापायला लागायचं.

पाण्याचे जुने कालवे बघण्यासारखे आहेत का?

हार्त्समध्ये मला सगळ्यात आवडतं ते हेच, आणि पर्यटक सगळ्यात जास्त चुकवतात तेही हेच.

खाण जितकी खोल जाते तितकं तिच्यात पाणी भरतं. ते उपसायला शक्ती हवी, शक्तीसाठी पाणचक्की, आणि पाणचक्कीला पुन्हा पाणीच. म्हणजे खाणीतलं पाणी काढायला डोंगरावरचं पाणी आणायचं! त्यासाठी शतकानुशतकं माणसांनी इथे १०७ तलाव, ३१० किलोमीटर चर आणि ३१ किलोमीटर बोगदे यांचं जाळं विणलं. २०१० मध्ये हे सगळं रामेल्सबेर्गच्या जागतिक वारशात सामील झालं. १७२२ मध्ये पुरा झालेला ओडरटाइष हा तलाव पुढे दीडेकशे वर्षं जर्मनीतला सगळ्यात मोठा बांध म्हणून मिरवला.

आल्टेनाउजवळ डामग्राबेन नावाच्या चरीच्या कडेने चालत जा. चर जेमतेम दीड-दोन मीटर रुंद, काठ दगडांनी बांधलेले, पाणी दलदलीतून येत असल्याने कोऱ्या चहासारखं. वेग इतका संथ की पान टाकलं तर त्याच्या बरोबरीने चालता येतं. डोंगराचा प्रत्येक खळगा आत जाऊन, प्रत्येक सोंड वळसा घालून ती पुढे जाते, उतार जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे शेजारची पायवाटही सपाट आहे. गुडघे दुखणाऱ्यांना हार्त्समध्ये याहून चांगली चाल नाही. अधूनमधून लाकडी झडपा दिसतील. जास्तीचं पाणी कुठे सोडायचं हे त्यांवरून ठरायचं. त्या उघडून बघू नका.

ब्रोकन फक्त ११४१ मीटर. कळसूबाई तर १६४६! मग एवढं काय त्याचं?

उंचीवर जाऊ नका. उत्तर जर्मनीतलं हे सर्वांत उंच ठिकाण, आणि त्याच्या उत्तरेला समुद्रापर्यंत वारा अडवणारं दुसरं काही नाही. माथ्यावर वर्षातले जवळपास ३०० दिवस केव्हा ना केव्हा धुकं असतं. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये इथे ताशी २६३ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. आल्प्समध्ये दीड-दोन हजार मीटरवर जी हवा भेटते ती इथे अकराशेवर आहे. म्हणूनच माथ्यावर झाडं वाढत नाहीत. १८९० पासून तिथे उंच पर्वतांवरच्या वनस्पतींची बाग आहे, तिच्यात हिमालयातली झाडंही लावलेली आहेत.

गणिती गाउसने १८२० च्या दशकात जमीन मोजण्यासाठी जो प्रसिद्ध मोठा त्रिकोण घेतला, त्याचं एक टोक ब्रोकन. जर्मन कवी गटे १७७७ च्या डिसेंबरमध्ये बर्फातून इथे चढला आणि पुढे 'फाउस्ट'मधली चेटकिणींची रात्र त्याने याच डोंगरावर घडवली. शाकुंतल वाचून हरखून गेलेला तो हाच गटे.

वर आगगाडीने जायचं की चालत?

चालत चढा, गाडीने उतरा. आईवडील बरोबर असतील तर दोन्ही वेळा गाडी.

गाडी मीटर गेजची. हार्त्समधलं तिचं जाळं सुमारे १४० किलोमीटरचं आहे आणि अजूनही रोज वाफेची इंजिनं धावतात. ब्रोकनवर जाणारी बहुतेक इंजिनं १९५० च्या दशकात बांधलेली. वेर्निगेरोडेहून निघालं की द्राय आनेन होने स्थानकात इंजिन पाणी पितं, सगळे उतरून फोटो काढतात. मग शीर्के, आणि शेवटी गाडी डोंगराच्या माथ्याभोवती दीड वेढा घालत ११२५ मीटरवरच्या स्थानकात शिरते. एकूण पावणेदोन तासांच्या आसपास. डब्याच्या टोकाला उघडा सज्जा असतो. मजा तिथेच आहे, पण पांढरा शर्ट घालून उभे राहू नका, कोळशाचे कण थेट अंगावर येतात. फार कोरड्या दिवसांत वणव्याच्या भीतीने कधी डिझेल इंजिनही जोडतात, तेव्हा हिरमोड होऊ देऊ नका. तिकीट महाग आहे. माथेरानच्या भावाची सवय असेल तर आकडा बघून दचकायला होतं, तरी एकदा काढावं.

चालायचं तर तीन वाटा प्रचलित. टॉर्फहाउसहून गटेच्या नावाची वाट, साधारण आठ किलोमीटर, चढ हळूहळू, सोबत दलदलीवरच्या लाकडी फळ्या. शीर्केहून एकरलॉखची वाट छोटी पण दगडांतून उड्या मारत जाणारी, तिच्यावर चप्पल-सँडल नको. इल्झेनबुर्गहून इल्झे नदीच्या काठाने जाणारी वाट सगळ्यात लांब आणि सगळ्यात सुंदर. कवी हाइने १८२४ मध्ये हार्त्स पायी फिरला, त्याचं नाव या वाटेला आहे. पावसाळ्यात राजगड चढलेल्या माणसाला यांतलं काहीच अवघड नाही. फक्त हवा तासाभरात बदलते, त्यामुळे जूनमध्येही विंडचीटर पाठीवर असू द्या.

'ब्रोकनचं भूत' म्हणजे काय? खरंच दिसतं का?

ट्रेकरांनो, हे तुम्ही ओळखता. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर नशीब असेल तर जे इंद्रवज्र दिसतं, तेच हे. सूर्य पाठीमागे आणि कलता, समोर खाली धुक्याचा पडदा, मध्ये तुम्ही. धुक्यावर आपलीच सावली राक्षसासारखी पडते आणि डोक्याभोवती रंगीत कडं येतं. शेजारी उभ्या माणसाच्या डोक्याभोवतीचं कडं मात्र तुम्हाला दिसत नाही, प्रत्येकाला फक्त स्वतःचंच. १७८० मध्ये योहान झिल्बरश्लाग या जर्मन अभ्यासकाने ब्रोकनवर त्याचं वर्णन केलं आणि जगभर या दृश्याला ब्रोकनचं नाव चिकटलं.

दिसेलच असं नाही. दुपारी बाराच्या गाडीने जाऊन दीडच्या गाडीने परतणाऱ्याला तर नाहीच. सकाळी लवकर किंवा मावळतीला, ढग माथ्याच्या खाली असताना शक्यता वाढते.

सीमेची भानगड काय होती?

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व आणि पश्चिम जर्मनीची सीमा हार्त्सच्या मधून गेली. ब्रोकन पूर्वेकडे राहिला. १९६१ मध्ये माथा सामान्य माणसाला पूर्ण बंद झाला, वर सोव्हिएत सैन्य आणि पूर्व जर्मन गुप्तचर खातं पश्चिमेकडची संभाषणं ऐकत बसायचं. माथ्याभोवती काँक्रीटची भिंत होती. शीर्के गावात जायलाही परवाना लागायचा. पश्चिमेकडचे लोक टॉर्फहाउसला येऊन नुसते बघत राहायचे. बर्लिनची भिंत पडली तरी इथलं फाटक उघडलं नव्हतं. ३ डिसेंबर १९८९ ला लोकांचा मोर्चाच वर चढला, तेव्हा उघडलं. प्रवासी आगगाडी १९९१ मध्ये पुन्हा वर गेली, आणि शेवटचे रशियन सैनिक गेले १९९४ मध्ये. हेरगिरीची घुमटवाली इमारत आता संग्रहालय आहे. माथ्यावर पाऊस आला की सगळे तिथेच शिरतात, तेवढ्यात बघून होतं.

सीमेचा पट्टा आज हिरवा आहे. माणूस चाळीस वर्षं तिथे फिरकला नाही, म्हणून झाडं-पाखरं टिकली. झोर्गे गावाजवळ जुन्या कुंपणाचे अवशेष आणि गस्तीचा भोकं पाडलेला काँक्रीटचा रस्ता अजून आहे.

चेटकिणी सगळीकडे का टांगलेल्या दिसतात?

३० एप्रिलच्या रात्री चेटकिणी झाडूवर बसून ब्रोकनवर जमतात अशी इथली जुनी समजूत. त्या रात्री शीर्के, टाले आणि बऱ्याच गावांत मुखवटे, होळ्या, नाचगाणी असा मोठा जत्रेसारखा कार्यक्रम असतो. गर्दी प्रचंड, खोल्या महिनोन्‌महिने आधी भरलेल्या. बाकीच्या वर्षात दुकानादुकानांत कापडी चेटकिणी लटकत असतात. घेतल्या नाहीत तरी चालेल.

टालेला मात्र जरूर जा. बोडे नदीने खोदलेली घळ, एका कड्यावर चेटकिणींचं नाचण्याचं मैदान, समोरच्या कड्यावर रोसट्रापे, म्हणजे घोड्याच्या खुराचा ठसा. दंतकथा अशी: बोडो नावाचा राक्षस राजकन्या ब्रुनहिल्डेच्या मागे लागला. तिने घोड्यासकट घळीवरून उडी मारली, घोड्याचा खूर पलीकडच्या खडकात उमटला, आणि बोडो खाली नदीत पडला. खुराचा म्हणून दाखवतात तो खळगा आजही आहे, लोक त्यात नाणी टाकतात. भीमाची पावलं आणि पांडवांची लेणी ऐकत वाढलेल्यांना हे घरचंच वाटेल.

राहायचं कुठल्या गावात?

गाडीसाठी वेर्निगेरोडे, खाणीसाठी गोस्लार, गावासाठी क्वेडलिनबुर्ग. माझं मत विचाराल तर क्वेडलिनबुर्ग.

तिथे लाकडी चौकटींची तेराशेहून जास्त घरं आहेत, वेगवेगळ्या शतकांतली, शेजारी शेजारी कलून उभी. १९९४ पासून जागतिक वारसा. पूर्व जर्मनीच्या काळात ती पाडून नवं बांधायला सरकारजवळ पुरेसे पैसे नव्हते, त्या गरिबीनेच बरंचसं गाव वाचवलं. टेकडीवरच्या चर्चमध्ये राजा पहिला हेन्री याला ९३६ मध्ये पुरलं. हजार वर्षांनी नाझींनी त्याच्या थडग्याचा तमाशा केला, आणि १९४५ मध्ये एका अमेरिकन सैनिकाने चर्चचा खजिना टेक्सासला पाठवून दिला. तो परत यायला १९९० चं दशक उजाडलं. आज तिथेच बघायला मिळतो.

लहान मुलं आहेत. दोन दिवस कसे जातील?

सहज जातील. राप्बोडेचं धरण जर्मनीतलं सर्वांत उंच, १०६ मीटर. त्याच्या शेजारी २०१७ मध्ये ४८३ मीटर लांबीचा झुलता पूल झाला. पायाखाली जाळी आणि त्याखाली शंभर मीटर पोकळी, त्यामुळे मुलं पळतात आणि मोठे कठडा धरून चालतात. जवळच र्‍युबेलांटच्या चुनखडीच्या गुहा. टालेला रोपवे आणि रुळांवरून घरंगळणारी गाडी. बाड हार्त्सबुर्गच्या वर राबेनक्लिपे इथे कुंपणात लिंक्स, म्हणजे मोठी रानमांजरं, बघायला मिळतात. हार्त्समधला शेवटचा रानटी लिंक्स १८१८ मध्ये मारला गेला होता, २००० पासून पुन्हा सोडायला सुरुवात झाली आणि आता ते जंगलात मोकळे आहेत. मोकळा लिंक्स तुम्हाला दिसणार नाही.

नॉर्डहाउझेनजवळचं छळछावणीचं स्मारक सहलीत घ्यावं का?

घ्यावं, पण दुसरं काही त्या दिवशी ठेवू नये. नाझींच्या मिटेलबाउ-डोरा छावणीत कैद्यांकडून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत व्ही-२ रॉकेटं बनवून घेतली. सुमारे ६०,००० कैदी, त्यांतले जवळपास २०,००० मेले. लहान मुलांना नेऊ नका.

कधी जावं?

मेचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात. पानांच्या रंगांसाठी ऑक्टोबर, पण त्यासाठी खालच्या बीचच्या जंगलात, इल्झे किंवा बोडेच्या काठी जा. ब्राउनलागेला बर्फ पडतो, पण आता भरवशाचा राहिलेला नाही. डिसेंबरात गोस्लार आणि क्वेडलिनबुर्गचे नाताळ बाजार छान असतात. नोव्हेंबरात येऊ नका.

गाडी नाही. बस-रेल्वेने जमतं का?

जमतं. गोस्लार, वेर्निगेरोडे, क्वेडलिनबुर्ग, टाले सगळीकडे साध्या प्रादेशिक गाड्या जातात, त्यांत डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभरचा महिन्याचा पास, चालतं. मुक्काम केलात की यजमान पर्यटन कर घेतो आणि पाहुण्याचं कार्ड देतो. बऱ्याच गावांत त्या कार्डावर हार्त्समधल्या बसचा प्रवास फुकट असतो. मागून घ्या, काही जण द्यायचं विसरतात. रविवारी बस कमी आणि संध्याकाळी आणखी कमी, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

गावांत अडचण नाही. पिझ्झा, फलाफल, कधी एखादं भारतीय हॉटेल मिळतंच. डोंगरावर मात्र मटार सूप 'सॉसेज नको' म्हणून मागितलं तरी त्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, विचारून घ्या. बटाट्याचे तळलेले घावन सफरचंदाच्या चटणीसोबत मिळतात, ते चांगले. हार्त्सचं आंबट चीज प्रसिद्ध आहे, वास दूरवर जातो, एसटीत उघडलं तर अख्खी गाडी रिकामी होईल. थेपले, दशम्या, चिवडा बरोबर ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात हे नवीन आलेल्यांच्या दर वेळी लक्षातून जातं.

वाटेवर खांबांवर छोट्या पेट्या दिसतात, त्या कसल्या?

शिक्क्यांच्या. हार्त्सभर अशा २२२ जागा आहेत. वही विकत घ्यायची, पेटी उघडायची, आतला शिक्का मारायचा. आठ झाले की कांस्य बिल्ला, सोळाला रौप्य, चोविसाला सुवर्ण. सगळे २२२ पुरे केले की 'हार्त्सचा भटक्या सम्राट' ही पदवी. चालायला कुरकुरणाऱ्या मुलांवर याचा उतारा जबरदस्त चालतो, आणि साठीच्या काकांवरही.

काय घालावं, कशाची भीती बाळगावी?

घोट्यापर्यंतचे बूट, लांब पँट, पावसाचं जाकीट. भीती अस्वलाची नाही, गोचिडीची. उंच गवतातून चाललात तर रात्री काखा, गुडघ्यामागचा भाग, मुलांचे केस तपासा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-बिल लावू नका. पुढच्या दिवसांत त्या जागी लाल गोल पसरत गेला तर डॉक्टर गाठा. उद्यानात वाट सोडून फिरणं, ड्रोन, तंबू, शेकोटी यांना मनाई आहे, आणि सिगारेटलाही.

वर ढग आहेत असं दिसलं तर बेत रद्द करावा का?

ब्रोकनच्या माथ्यावरचा कॅमेरा इंटरनेटवर थेट दिसतो, सकाळी सातला तो बघा. नुसतं पांढरं दिसत असेल तर गाडीचं महागडं तिकीट त्या दिवशी काढू नका. रामेल्सबेर्गला जा, र्‍युबेलांटच्या गुहेत जा, नाहीतर डामग्राबेनच्या कडेने चाला, तिथे धुकं उलट शोभून दिसतं. दुपारनंतर कॅमेरा पुन्हा बघायचा. संध्याकाळी उघडलं तर टॉर्फहाउसहून चालत निघा, आणि उतरताना लागणारा टॉर्च विसरू नका.